कोळ्याचे जाळे आणि फेलिक्स्टोची उडती नौका

'स्पायडर वेब' या नावाचे मराठी करायला बसले की पहिली अडचण कोळ्याचीच येते. आपल्याकडे एक कोळी भिंतीच्या कोपऱ्यात असतो आणि दुसरा दर्यावर. जाळे दोघांचेही असते. इंग्रजीत हा घोटाळा नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७च्या एप्रिलमध्ये, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील फेलिक्स्टो येथील आरमारी हवाई तळाने उत्तर समुद्रात पाणबुड्यांविरुद्ध गस्तीची जी आखणी केली, तिला हे नाव मिळाले. त्या तळावरच्या थिओडोर हॅलम या कॅनेडियन वैमानिकाने १९१९ साली 'पी. आय. एक्स.' या टोपणनावाने जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचेही नाव तेच. तेव्हापासून हा इतिहास त्या रूपकातूनच वाचला जातो. ते रूपक कितपत खरे, हे तपासून पाहावे असे आम्हांला वाटले.

आखणी मोठी देखणी होती. समुद्रात नांगरलेली 'नॉर्थ हिंडर' ही दीपनौका मध्यबिंदू धरायची. तिच्यापासून आठ दिशांना तीस-तीस मैलांचे धागे काढायचे आणि दहा, वीस, तीस मैलांवर ते आडव्या धाग्यांनी जोडायचे. नकाशावर साठ मैल रुंदीचा अष्टकोन उभा राहतो. फ्लँडर्सच्या बंदरांतून ये-जा करणाऱ्या जर्मन पाणबुड्या विजेचे साठे राखण्यासाठी शक्यतो पृष्ठभागावरून जात, आणि तशा चालीने हे जाळे ओलांडायला त्यांना सुमारे दहा तास लागत. तेवढ्या वेळात वरून कोणाची तरी नजर पडावी, एवढाच हिशेब.

पण कोळी जाळे विणतो आणि स्वस्थ बसतो. इथे धागा असा नव्हताच. विमान जेथून जाईल तेथे तेवढ्यापुरता धागा, मागे पुन्हा उघडे पाणी. माशी अडकतही नव्हती. विमान दिसताच पाणबुडी बुडी मारी आणि पाण्याखाली तिचा वेग घटे, विजेचा साठा संपू लागे. तिला खाली राहायला भाग पाडणे हीच खरी कमाई होती, आणि ती कोणत्याही तक्त्यात मांडता येत नाही. तक्त्यात बुडवलेल्या पाणबुड्या मांडल्या गेल्या. त्यांतल्या काहींच्या, उदाहरणार्थ 'यूसी-३६'च्या, बुडण्याची वेगळीच कारणे पुढच्या संशोधनात समोर आली. तेव्हा आमचा कल दुसऱ्या कोळ्याकडे झुकतो. लाकडी नाव घेऊन रोज बाहेर पडणारा, मासळी मिळेलच याची खात्री नसलेला तो कोळी या वैमानिकांना अधिक जवळचा आहे.

नाव हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. साध्या विमानाला चाकांऐवजी तरंडे बांधले की ते जलविमान होते. उडत्या नौकेचे धडच नौका असते. गस्तीची सुरुवात अमेरिकेतल्या कर्टिस कंपनीच्या दोन एंजिनांच्या नौकांनी झाली. हवेत त्या बऱ्या होत्या, पण लाटांवर त्यांचा तळ टिकत नसे. पाणी तळाला चिकटून धरते; ती पकड सुटावी म्हणून तळाला एक पायरी द्यावी लागते, म्हणजे वेग येताच नौका वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरू लागते. ही पायरी कोठे असावी, तळाचा कोन किती असावा, याचे प्रयोग तळाचा प्रमुख जॉन सिरिल पोर्ट याने चिकाटीने केले. त्यांतून उभा राहिलेला 'एफ-२ए'चा सांगाडा लाकडी पेटीसारखा होता. नावा बांधण्याची परंपरा नसलेल्या कारागिरांनाही तो जुळवता येई. १९१७च्या अखेरीपासून या नौका गस्तीवर येऊ लागल्या.

४ जून १९१८च्या हवाई चकमकीत यांपैकी एक नौका पेट्रोलची नळी तुटल्याने पाण्यावर उतरली. त्यानंतर फेलिक्स्टोच्या नौकांवर भडक रंगांचे पट्टे आले, हेतू हा की पाण्यावर अडकलेली नौका आपल्यांना लांबून दिसावी. लपण्याच्या युद्धात दिसण्यासाठी रंगवलेली ही नावच. ('युद्धसाहित्य' शिकवताना खंदकांपलीकडे आपण जात नाही, हे या निमित्ताने आमच्याच लक्षात आले.)

पोर्ट स्वतः पूर्वी पाणबुडीदलात होता. क्षयामुळे १९११ साली त्याला आरमार सोडावे लागले. १९१४ साली तो अमेरिकेत ग्लेन कर्टिसच्या 'अमेरिका' नावाच्या उडत्या नौकेतून अटलांटिक ओलांडण्याच्या तयारीत होता. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले, तो परतला आणि त्याच नौका विकत घेण्याची गळ त्याने ब्रिटिश आरमाराला घातली. या खरेदीतल्या दलालीवरून १९१७ साली त्याच्यावर लाचलुचपतीचा खटला झाला. प्रकृती पाहून सरकारने तो मागे घेतला, म्हणजे तो दोषीही ठरला नाही आणि निर्दोषही. हा प्रसंग वगळून त्याची थोरवी गाणे आम्हांला पटत नाही. पण त्या दलालीमुळे तळाची पायरी चुकीची ठरत नाही, हेही तितकेच खरे.

मे १९१९मध्ये अमेरिकन आरमाराची 'एनसी-४' ही कर्टिसच्याच घराण्यातली उडती नौका अझोर्स बेटांवर थांबत लिस्बनला पोचली आणि विमानाने अटलांटिक प्रथमच ओलांडला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोर्ट क्षयाने वारला. तो पस्तीस वर्षांचा होता.