घड्याळातला सेल

मी तिसरीत होतो तेव्हा आमच्या गावात लोडशेडिंगचं वेळापत्रक मुलांना पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ असायचं. संध्याकाळी लाइट गेली की टीव्ही बंद, पंखा बंद आणि अभ्यासाला आपोआप सुट्टी. त्या अंधारात माझ्याकडे एकच करमणूक होती. जत्रेतून आणलेला ब्रिक गेम. वर मोठ्या आकड्यांत '९९९९ इन १' लिहिलेलं, आत मात्र आठ-दहाच गेम, वेग बदलून पुन्हा पुन्हा मोजलेले. त्याला दोन पेन्सिल सेल लागायचे. स्क्रीनला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून गेम दिसायला टॉर्च लागायची. टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात. म्हणजे बॅटरीवरचा गेम बघायला आणखी एक बॅटरी.

सेल संपले की पहिला हल्ला टीव्हीच्या रिमोटवर. लाइटच नाही तर रिमोट काय कामाचा, हा माझा मुद्दा घरात मान्य होता. रिमोटचे सेलही संपले की ते दाताने चावायचे, दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात ठेवायचे. (तुम्हीही केलंय हे, नाही म्हणू नका.) एकदा तेवढ्यानेही भागलं नाही, तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. दीड तासाने प्रामाणिकपणे परत बसवला, पण काटे पुढे सरकवायचे राहिले. सकाळी बाबांची सातची एसटी चुकली.

पुढचं सांगत नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली : हातातल्या गेमला लागणारी वीज कुठल्यातरी दुसऱ्या कामातून काढलेली असते.

पुढे इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली आणि रिकाम्या वेळात जुन्या गेमिंग यंत्रांबद्दल वाचायचा नाद लागला. तेव्हा कळलं, की तो माझा ब्रिक गेम ज्या विचारातून आला होता, तो विचार एका जपानी माणसाने माझ्या जन्माच्या कितीतरी आधी करून ठेवला होता. त्याचं नाव गुनपेई योकोई.

योकोई क्योतोचा. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ साली निन्तेंदोत लागला. तेव्हाची निन्तेंदो म्हणजे पत्ते छापणारी कंपनी. १८८९ पासून हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवणारी. योकोईचं काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या मशिनांची देखभाल. कॅम्पसमधून निवड होऊन बेंचवर बसलेल्या कुठल्याही पोराला हे दुःख कळेल. वेळ जायचा नाही म्हणून त्याने लाकडी पट्ट्यांचा लांब होणारा-आखडणारा एक हात बनवला. मालक हिरोशी यामाउची यांनी तो बघितला. योकोईला वाटलं, आता ओरडा बसणार. यामाउचींनी सांगितलं, याचं खेळणं बनव. १९६६ साली 'अल्ट्रा हँड' बाजारात आला आणि दहा लाखांहून जास्त खपला.

पुढची गोष्ट योकोई स्वतः सांगायचा. बुलेट ट्रेनमध्ये त्याने एक नोकरदार माणूस बघितला. कंटाळलेला, कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला. योकोईला वाटलं, याच्या हातात वेळ घालवायला एखादा छोटा गेम का नसावा? त्या सुमारास जपानी कंपन्यांमध्ये कॅल्क्युलेटर स्वस्त आणि बारीक करण्याची चुरस लागली होती. त्यामुळे त्यात लागणारे एलसीडी आणि चिपा स्वस्त झाल्या होत्या. त्याच मालातून १९८० साली 'गेम अँड वॉच' आला : खिशात मावणारा, बटणसेलवर चालणारा, आणि खेळून झालं की घड्याळ म्हणून टेबलावर ठेवायचा. घड्याळातून सेल काढायचा प्रश्नच नको, गेमच घड्याळ!

योकोईने या पद्धतीला एक नाव दिलं होतं. मराठीत सांगायचं तर 'सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार'. सुकलेलं म्हणजे टाकाऊ नव्हे. ज्याचं कौतुक ओसरलंय, किंमत उतरलीय आणि ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्यात असं. ते घ्यायचं आणि ज्या कामासाठी बनलं नव्हतं तिथे वापरायचं.

या विचाराची खरी परीक्षा झाली १९८९ साली. २१ एप्रिलला जपानमध्ये गेम बॉय आला. योकोई, सातोरू ओकादा आणि त्यांच्या गटाचं काम. किंमत १२,५०० येन. ८-बिट चिप, साधारण ४.१९ मेगाहर्ट्झ. कामाची मेमरी ८ किलोबाइट, व्हॉट्सॲपवरच्या एका 'गुड मॉर्निंग'च्या फोटोपेक्षाही कितीतरी कमी. स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांची, रंग नाहीत, हिरवट राखाडीच्या फक्त चार छटा, आणि मागे दिवा नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचा लिंक्स आला. रंगीत स्क्रीन, मागे दिवा, डावखुऱ्यांना उलटा धरून खेळायची सोय. पुढच्या वर्षी जपानमध्ये सेगाचा गेम गिअर आला. तोही रंगीत, दिव्याचा. दुकानात तिन्ही शेजारी ठेवले तर गेम बॉय म्हणजे रंगीत टीव्हीच्या शोरूममधला ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल. गंमत म्हणजे गेम गिअरच्या स्क्रीनवरही ठिपके १६० बाय १४४ एवढेच होते. चित्र तेवढंच. फरक रंगाचा आणि उजेडाचा.

आता त्या फरकाचं बिल बघू. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण ३ वॅट-तास ऊर्जा असते. गेम बॉयला चार सेल, म्हणजे १२ वॅट-तास. तो चालायचा पंधरा तासांच्या आसपास, कधी त्याहून जास्त. भागाकार केला तर खर्च एका वॅटच्याही आत. गेम गिअरला सहा सेल, म्हणजे १८ वॅट-तास. तो चालायचा तीन ते पाच तास. म्हणजे खर्च साधारण साडेचार ते साडेसात पट. त्यात सेलचा स्वभाव असा, की त्याच्याकडून घाईने वीज ओढली तर तो एकूणच कमी देतो. पंधरा तास खेळायचं तर गेम बॉयला चार सेल आणि गेम गिअरला जवळजवळ चोवीस. शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशांत हे कसं बसणार?

ही वीज जायची कुठे? बहुतेक दिव्यात. एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही, फक्त प्रकाश अडवते किंवा सोडते. गेम गिअरमध्ये तिच्या मागे ट्यूबलाइटचीच छोटी बहीण होती. तिचा बराचसा उजेड रंगांच्या गाळण्यांमध्येच अडकायचा आणि थोडासा डोळ्यांपर्यंत पोचायचा. गेम बॉयची स्क्रीन कॅल्क्युलेटरसारखी : बाहेरून येणारा उजेड परत पाठवणारी. योकोईने दिव्याचं बिल सूर्याच्या नावावर टाकलं होतं.

आकारही सेलनेच ठरवला. पेन्सिल सेलची जाडी साडेचौदा मिलिमीटर. वरचं-खालचं प्लास्टिक, सर्किट, स्क्रीन धरून यंत्र त्याहून जाडच होणार. गेम बॉय ३२ मिलिमीटर जाड होता. १९९६ साली गेम बॉय पॉकेट आला तेव्हा तो बारीक झाला, कारण त्यात रिमोटचे बारके ट्रिपल-ए सेल होते, तेही दोनच. पण चालायचा दहाएक तास. जाडी खिशातून वजा केली, ती तासांतूनही वजा झाली. मोठा सेल घातला तर वजन वाढतं, वजन वाढलं तर हात दुखतो, आणि ते यंत्र मग प्रवासात न्यायच्या ऐवजी घरीच राहतं. कुठूनही ओढलं तरी चादर तेवढीच.

योकोई रंगांबद्दल एक सुंदर गोष्ट सांगायचा. काळ्या फळ्यावर खडूने दोन गोल काढून 'हा बर्फाचा माणूस' म्हटलं, की बघणाऱ्याला तो बर्फासारखा पांढराच वाटतो. गेम चांगला असेल तर रंग खेळणारा स्वतः भरतो. अमेरिकेत गेम बॉयबरोबर टेट्रिस दिला गेला आणि या बोलण्याचा पुरावाच मिळाला. पडणाऱ्या विटांना चार छटा पुरतात. आणि पुढे माझ्या ब्रिक गेमला तर दोनच पुरल्या.

इथवर सगळं हार्डवेअरचं झालं. मला सर्वात जास्त आवडलेली गोष्ट सॉफ्टवेअरची आहे. गेम बॉयच्या चिपमध्ये 'हॉल्ट' नावाची एक आज्ञा होती. स्क्रीन सेकंदाला साधारण साठ वेळा नव्याने रंगवली जायची. पुढच्या चित्राची तयारी त्याआधीच झाली तर प्रोग्रॅम दोन गोष्टी करू शकतो. एक, 'वेळ झाली का, वेळ झाली का' असं सारखं विचारत बसणं. दोन, हॉल्ट म्हणून झोपणं, आणि स्क्रीनचा इशारा आला की उठणं. एसटीत दर स्टॉपला 'आलं का आमचं गाव?' विचारणारा एक प्रवासी असतो. दुसरा कंडक्टरला सांगून झोपतो, 'गाव आलं की उठवा.' दोघेही एकाच वेळी पोचतात. पण दुसऱ्याची बॅटरी उरते. खेळणाऱ्याला पडद्यावर यातला काहीच फरक दिसत नाही. कुठल्याशा प्रोग्रॅमरने एक ओळ नीट लिहिली, म्हणून कुणाचे तरी सेल थोडे जास्त चालले, इतकंच.

म्हणजे योकोई नेहमीच बरोबर होता का? नाही. १९९५चा त्याचा व्हर्च्युअल बॉय सपशेल आपटला. त्यातही वीज आणि पैसे वाचवायला फक्त लाल एलईडी वापरले होते. पण ते यंत्र टेबलावर स्टँडला लावून, डोळे आत खुपसून खेळायचं होतं. लाल रंगाने लोकांचे डोळे शिणले आणि त्याचा खप दहा लाखांपर्यंतही गेला नाही. काटकसर हा काही मंत्र नाही. आणि गेम बॉयच्या काटकसरीची किंमतही कुणीतरी मोजलीच : रात्री गाडीत रस्त्यावरचा दिवा आला की तेवढ्यापुरतं खेळणाऱ्या पोरांनी. निन्तेंदोलाही शेवटी दिवा लावावाच लागला. २००३च्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपीमध्ये स्क्रीनला उजेड आला, कारण सोबत चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी आली. नळकांड्याच्या आकाराची सक्तीही संपली.

आजची यंत्रं बघा. २०२२च्या स्टीम डेकमध्ये ४० वॅट-तासांची बॅटरी आहे, म्हणजे तेरा पेन्सिल सेल. तरी जड गेमवर तो दोनेक तासांत मान टाकतो, आणि आत पंखा फिरतो तो वेगळाच. १९९१ साली ज्याला नापास केलं असतं, त्याला आपण आज पास करतो. का? कारण आज चार्जिंगचं सॉकेट ट्रेनमध्ये आहे, विमानतळावर आहे, पॉवर बँकच्या रूपाने बॅगेत आहे. यंत्र किती तास चालतं, हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा म्हणजे, पुढची वीज तुमच्यापासून किती लांब आहे.

आणि ती सगळ्यांपासून सारख्याच अंतरावर नसते. हे मला माझ्या मावसभावाने शिकवलं. तो पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. आमच्या कंपनीच्या एका ॲपमध्ये मी एक फीचर लिहिलं होतं, दर काही सेकंदांनी लोकेशन घेऊन स्क्रीन ताजी करणारं. दिसायला झकास. मी कौतुकाने त्याला ॲप टाकायला लावलं. आठवड्याने विचारलं तर म्हणाला, "दादा, काढून टाकलं. दुपारी दोनलाच फोन मरतो रे. फोन मेला की ऑर्डर बंद."

मी ऑफिसात जाऊन बघितलं. आमच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं होतं. मग लक्षात आलं, की आमचे सगळे टेस्ट फोन दिवसभर केबलने लॅपटॉपला जोडलेले असतात. त्यांची बॅटरी आम्ही कधी उतरताना बघितलीच नव्हती. भावाच्या रोजगारातले दोन-तीन तास मी माझ्या फीचरसाठी काढून घेतले होते, आणि घड्याळातला सेल काढतानाही निदान मला माहीत होतं की मी काय करतोय. ते फीचर मी पुन्हा लिहिलं. माणूस जागचा हललाच नाही, तर लोकेशन कशाला विचारायचं? गाव आलं की उठवा.

योकोईने १९९६ साली निन्तेंदो सोडली आणि स्वतःची छोटी कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. वय ५६. त्याने ज्याच्यावर काम सुरू केलं होतं तो बंदाईचा वंडरस्वान १९९९ साली आला. १६-बिट चिप, ४,८०० येन किंमत. आणि चालायचा तीसेक तास, फक्त एका पेन्सिल सेलवर. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात बसायचा, तसल्या एका.

माझ्या डेस्कवरच्या टेस्ट फोनची केबल हल्ली मी सकाळी आल्या आल्या काढून ठेवतो. संध्याकाळपर्यंत तो टिकला, तरच काम झालं असं समजतो.