अंधाराचा जमाखर्च

ऐन दिवाळीत अंधाराचा विषय काढणे कोणाला अशुभ वाटेल. पण दिव्याचे मोल अंधारातच कळते. गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याचे अरण्य १९७० साली अभयारण्य झाले. तेथील विश्रामगृहांची ख्याती विजेवाचूनच्या रात्रींसाठी. त्याच जिल्ह्यात तिरोड्याला आज ३,३०० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. ही दोन ठिकाणे मनात आली, की मला प्रश्न पडतो : वीज जाते तेव्हा नुकसान कोणाचे आणि किती?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, वीजकेंद्र बंद पडले आणि दूर मुंबईतले कारखाने थांबले. न विकल्या गेलेल्या विजेचेच पैसे मोजले, तर असा तोटा किरकोळ दिसतो. परंतु माग थांबला की मजुरी अडते, माल अडतो, पुढचा व्यापारही अडतो. म्हणून एका युनिटवर किती रुपयांचे उत्पादन अवलंबून होते, ते पाहतात. त्यात नासलेला माल आणि जनरेटरचे डिझेल मिळवायचे; मागाहून भरून काढलेले काम वजा करायचे.

२०१२ च्या जुलैत हा हिशेब अवाढव्य झाला. ३० तारखेला उत्तरेचे वीजजाळे कोसळले. ३१ ला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही. बीना-ग्वाल्हेर वाहिनी भार न सोसून तुटली होती. शेकडो आगगाड्या खोळंबल्या, बंगालात खाणकामगार भूगर्भात अडकले. पश्चिमेचे जाळे अलग झाल्यामुळे आपला महाराष्ट्र मात्र वाचला.

साठ कोटी लोकांची वीज गेली, असे जगभर छापून आले. पण २०११ च्या शिरगणतीप्रमाणे बिहारात शंभरांतील जेमतेम सोळा घरांत विजेचा दिवा होता. उरलेल्या चौऱ्याऐंशी घरांत त्या दिवशी काय विझले? गाडी चुकली असेल, इस्पितळातले काम अडले असेल. घरातला कंदील मात्र नित्याचाच होता. एका दिवसाचा तोटा आपण कोटींनी मोजतो; रोजच्या अंधाराला खतावणीत पानच नसते.

पुढे त्या घरांतही तारा पोचल्या. आता तसाच बिघाड झाला, तर तोटा पूर्वीहून मोठा भरेल, कारण गमावण्याजोगे काही प्रथमच त्यांच्या हाती आले आहे. म्हणून वाहिन्यांच्या देखभालीवरचा पैसा मला उधळपट्टी वाटत नाही. उशिरा लागलेला दिवा अधिक जपावा लागतो.