ग्रंथपालाचे विद्यार्थीपण : कार्डापासून कळफलकापर्यंत

ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना बहुधा दात्यांची नावे, इमारतीची कोनशिला आणि ग्रंथसंख्या यांची नोंद होते. कपाटातील ग्रंथ आणि दारातील वाचक यांच्यामध्ये उभा असलेला ग्रंथालय-सेवक मात्र त्या इतिहासात क्वचितच दिसतो. वस्तुतः गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत त्याच्या हातातील साधन पुनःपुन्हा बदलले. टाक आणि शाई, टंकलेखन यंत्र, छापील कार्ड, संगणकाचा पडदा आणि अखेरीस आंतरजाल. प्रत्येक बदलाच्या वेळी, डोक्यावरचे केस पांढरे झालेले असतानाही, त्याला नव्याने धुळाक्षरे गिरवावी लागली. ती त्याने कशी गिरवली आणि कोणत्या परिस्थितीत ती त्याला साधली, हा ग्रंथालयांच्या इतिहासातील दुर्लक्षित परंतु बोधप्रद भाग आहे.

अक्षराची शाळा

मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये आपली दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकन ग्रंथालय संघाची स्थापना झाली. पुढे जानेवारी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ड्युई यांनी ग्रंथपालांसाठी स्वतंत्र विद्यालय उघडले. पहिल्या तुकडीतील वीसपैकी सतरा विद्यार्थी स्त्रिया होत्या. संस्थेच्या विश्वस्तांना हे रुचले नव्हते, तरीही ड्युई मागे हटले नाहीत. दोनच वर्षांनी विद्यालय अल्बनी येथे हलले.

त्या काळच्या ग्रंथपालांना विषयनोंदी आणि वर्गांक यांबरोबरच एक विशिष्ट हस्ताक्षरही घोटून घ्यावे लागे. तालिकेतील कार्डे अनेक हातांनी लिहिली जात आणि ती कोणाही वाचकास विनासायास वाचता आली पाहिजेत, हा त्यामागील हेतू होता. टंकलेखन यंत्र रूढ झाल्यावर घोटलेल्या हस्ताक्षराचे महत्त्व ओसरले. १९०१ पासून वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाने छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना पुरविण्यास आरंभ केला, तेव्हा लेखनाचे कामही हलके झाले. परंतु एकाच ग्रंथाकडे लेखकाच्या, शीर्षकाच्या आणि विषयाच्या वाटेने वाचकास कसे नेता येईल, हा विचार मात्र कालबाह्य झाला नाही. पुढे प्रत्येक स्थित्यंतरात हाच अनुभव येत राहिला. साधन जुने झाले, परंतु त्यामागील दृष्टी टिकून राहिली.

बडोदे आणि मद्रास

भारतात या शिक्षणाचा पाया घालण्याचे श्रेय श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांना जाते. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतील विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. १९११ मध्ये तेथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. गावोगावी वाचनालये काढावयाची तर ती चालविणारी माणसे प्रथम घडविली पाहिजेत, ही दूरदृष्टी महाराजांपाशी होती.

विद्यार्थी झालेल्या ग्रंथपालाचे सर्वांत विलक्षण उदाहरण म्हणजे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकविणारे रंगनाथन जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आरंभी या कामात त्यांचे मन रमेना आणि पुन्हा अध्यापनाकडे वळावे असे त्यांना वाटत होते. त्याच वर्षी शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि तेथे त्यांनी अनेक ग्रंथालयांचे कामकाज जवळून पाहिले. दुकानात मांडलेला मेकॅनो हा सुट्या तुकड्यांचा खेळ पाहताना, विषयाचेही असेच घटक पाडून हवे तसे जोडता येतील, ही कल्पना त्यांना सुचली. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाचे बीज त्यात होते. तत्पूर्वी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली होती. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य होय, असा त्यातील चौथ्या सूत्राचा आशय आहे. सेवकाने नवे साधन का शिकावे, याचे उत्तर या एका सूत्रात सामावलेले आहे. प्रतिष्ठेसाठी किंवा नावीन्याच्या हौसेसाठी नव्हे, तर समोर तिष्ठत असलेल्या वाचकासाठी ते शिकावयाचे असते.

पडद्यावरील तालिका

१९६५ मध्ये हेन्रिएट ॲव्हरम काँग्रेस ग्रंथालयात रुजू झाल्या. त्या संगणकाच्या जाणकार होत्या, परंतु ग्रंथपालनाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यामुळे येथे क्रम उलटा झाला. संगणक जाणणाऱ्या व्यक्तीला ग्रंथपालाकडून तालिकेचे मर्म समजून घ्यावे लागले. कार्डावरील प्रत्येक ओळ, प्रत्येक विरामचिन्ह कोणत्या प्रयोजनाने आले आहे, याचा छडा लावून त्यांनी ‘मार्क’ या यंत्रवाचनीय नोंदपद्धतीची रचना घडविली. १९६६ च्या अखेरीपासून सोळा ग्रंथालयांत तिची चाचणी झाली.

ओहायो राज्यात फ्रेडरिक किल्गोर यांच्या नेतृत्वाखाली १९६७ मध्ये महाविद्यालयीन ग्रंथालयांचे एक सहकारी केंद्र स्थापन झाले. तेच पुढे ओसीएलसी या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. २६ ऑगस्ट १९७१ रोजी अथेन्स गावातील ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने या केंद्राच्या संगणकाशी जोडलेल्या पडद्यावर नोंदी करण्यास प्रारंभ केला. एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याने पुन्हा करण्याचे कारण उरले नाही. वाचकाचा आणि सेवकाचाही वेळ वाचला. मात्र ज्यांचे आयुष्य कार्डे लिहिण्यात गेले होते, त्यांच्यापुढे आपले ज्ञान आता कोणाच्या उपयोगाचे, हा प्रश्न उभा राहिला. यंत्र शिकण्यातील खरी अडचण कळा दाबण्याची नव्हतीच. कालपर्यंत जाणता असलेल्या माणसाने आज सर्वांदेखत अजाण ठरावे, हे शल्य अधिक बोचणारे होते.

शार्लट येथील तेवीस पाठ

१९९८ मध्ये गूगलची स्थापना झाली. त्यापाठोपाठ छायाचित्रांसाठी फ्लिकर, वाचनखुणांसाठी डेलिशियस, चित्रफितींसाठी यूट्यूब अशी स्थळे अवतरली. ही साधने वाचकांच्या घरात ग्रंथालयाच्या अगोदर पोहोचली. पूर्वी नवे साधन प्रथम ग्रंथालयात येई आणि सेवक ते वाचकास समजावून देई. आता वाचकच प्रश्न घेऊन येऊ लागला आणि उत्तर देणारा गोंधळू लागला.

या पेचावर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट आणि मेक्लेनबर्ग काऊंटी सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ मध्ये काढलेला मार्ग मुद्दाम अभ्यासण्याजोगा आहे. तेथील सेवकवर्ग पाचशेहून अधिक होता. तंत्रज्ञान विभागाची धुरा वाहणाऱ्या हेलन ब्लोअर्स यांनी ऑगस्ट महिन्यात एक उपक्रम सुरू केला. स्टीफन ॲब्रम यांच्या एका लेखातील कल्पनेवरून त्यांनी तेवीस छोटे पाठ तयार केले आणि ते नऊ आठवड्यांत विभागले. एखाद्या पाठात छायाचित्र जालावर चढवावयाचे, एखाद्यात आपल्या आवडत्या पुस्तकांची यादी लायब्ररीथिंग या स्थळावर मांडावयाची, तर एखाद्यात अनेकांनी मिळून एकच पान लिहावयाचे. वर्ग नव्हते, हजेरीपट नव्हता, परीक्षाही नव्हती. प्रत्येकाने आपल्या सवडीने शिकावे आणि काय साधले, काय अडले, हे स्वतःच्या जालीय अनुदिनीत नोंदवावे, एवढीच अपेक्षा होती. ही अनुदिनी टोपणनावानेही लिहिता येत असे. चुकीची लाज वाटू नये, याची ही साधी पण मर्मज्ञ तजवीज होती. सर्व पाठ पूर्ण करणाऱ्यास एमपीथ्री प्लेअर भेट म्हणून मिळणार होता.

उपक्रमाच्या प्रारंभी आजीवन शिकणाऱ्याच्या साडेसात सवयी सांगितल्या होत्या. त्यातील अखेरची अर्धी सवय होती, खेळणे. मेकॅनोच्या तुकड्यांतून वर्गीकरण स्फुरलेल्या रंगनाथनांना ही अर्धी सवय निश्चितच पटली असती. देवघेव विभागातील सेवक आणि संदर्भ विभागातील अनुभवी ग्रंथपाल येथे एकाच पाठावर एकाच वेळी अडखळले आणि एकमेकांना विचारून पुढे सरकले. ब्लोअर्स यांनी हे पाठ इतरांना मुक्तपणे वापरू दिले. मेलबर्न परिसरातील यारा प्लेन्टी ग्रंथालयाने ते लवकरच आपलेसे केले आणि पुढे निरनिराळ्या देशांतील शेकडो ग्रंथालयांनी त्यांची रूपांतरे केली.

या यशोगाथेला दुसरी बाजूही आहे आणि तिची नोंद घेणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. आर्थिक मंदीमुळे २०१० मध्ये याच ग्रंथालयाच्या निधीत मोठी कपात झाली. काही शाखा बंद पडल्या आणि अनेक सेवकांना काम गमवावे लागले. नवे साधन शिकल्याने नोकरी सुरक्षित राहतेच, असे नाही. परंतु त्याच मंदीच्या काळात नोकरीचे अर्ज केवळ जालावरच स्वीकारले जाऊ लागले होते. ज्यांच्या घरी संगणक नव्हता असे बेकार स्त्रीपुरुष अमेरिकेतील ग्रंथालयांच्या दारी येत होते आणि तेथील सेवक त्यांना अर्ज भरण्यास साहाय्य करीत होते. एखाद्या कुटुंबाची चूल पेटण्याचा प्रश्न त्या शिकण्याशी जोडला गेला होता.

त्या काळच्या अशा साधनांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. नव्या मजकुराची वर्दी देणारे गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. डेलिशियसवर २०१७ पासून नव्या खुणा नोंदविता येईनाशा झाल्या. कार्डही यातून सुटले नाही. ओसीएलसीने १९७१ पासून सुमारे १९० कोटी तालिकापत्रे छापली. त्यांतील अखेरची पत्रे १ ऑक्टोबर २०१५ रोजी छापली गेली. मग शिकणे वाया गेले काय? तसे म्हणता येणार नाही. ज्याने एक नवे साधन निर्भयपणे हाताळले, त्याला दुसरे हाताळताना भीती वाटत नाही. तेवीस साधनांपेक्षा ही निर्भयता अधिक मोलाची होती.

देवनागरीचा प्रश्न

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम सुरू केला. त्यातून पुढे विद्यापीठीय ग्रंथालयांसाठी ‘सोल’ ही संगणकप्रणाली आली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयाने जानेवारी २००० मध्ये कार्यान्वित केलेली आणि सर्वांना विनामूल्य खुली असलेली ‘कोहा’ ही प्रणाली महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांतही वापरली जाते. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भेट’ असा आहे.

मराठी ग्रंथपालापुढे मात्र एक स्वतंत्र अडचण होती. प्रारंभीच्या काळात निरनिराळ्या टंकांत केलेल्या नोंदी पडद्यावर मराठी दिसत, परंतु संगणकाच्या लेखी त्या रोमन खुणाच असत. टंक बदलला की नोंद अगम्य होई. कित्येक ठिकाणी मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत लिहिण्याची वेळ आली. युनिकोडच्या प्रसाराने ही अडचण दूर झाली, तेव्हा सेवकाला कळफलक पुन्हा नव्याने शिकावा लागला.

येथेच जुन्या विद्येचा कस लागतो. वाचक ‘कुसुमाग्रज’ असे नाव टंकित करतो, तर नोंद ‘शिरवाडकर, वि. वा.’ अशी असते. ‘गोविंदाग्रज’ शोधणाऱ्यास राम गणेश गडकरी यांच्यापर्यंत कोणीतरी पोहोचवावे लागते. ही दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे कोणीतरी जाणून नोंदविल्याखेरीज तालिका ते सांगू शकत नाही. कार्डाच्या काळात ‘पाहा’ असा निर्देश लिहिणारा हात आणि आज तोच दुवा संगणकात भरणारा हात एकाच परंपरेतील आहेत.

२०२२ च्या अखेरीस संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वसामान्यांच्या हाती आली. त्यानंतर अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची आणि लेखांची नावे घेऊन वाचक ग्रंथालयांत येऊ लागल्याचे अनुभव अनेक देशांतील ग्रंथपालांनी नोंदविले आहेत. असा ग्रंथ नाही, हे खात्रीने सांगण्यासाठी लेखक, शीर्षक, प्रकाशक आणि वर्ष ताडून पाहण्याची तीच जुनी शिस्त लागते, आणि ती नव्या साधनावर चालविण्याचे कौशल्यही लागते.

कोलंबियाच्या विद्यालयापासून शार्लटच्या तेवीस पाठांपर्यंतचा हा प्रवास संस्थाचालकांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. संगणक विकत घेतल्याने ग्रंथालय आधुनिक होत नाही. सेवकाला शिकण्यासाठी वेळ, चुकण्याची मुभा आणि सोबत शिकणारे सहकारी लाभले, तरच ते साधन वाचकाच्या कामी येते. आपल्याकडील लहान ग्रंथालयात बहुधा एकच सेवक दार उघडण्यापासून दाखल नोंदवहीपर्यंत सर्व कामे अल्प मानधनावर पार पाडीत असतो. संगणकासाठी देणगी देणाऱ्या हातांनी त्याच्या शिक्षणासाठीही काही राखून ठेवले, तर ती देणगी पूर्णत्वास जाईल. कपाटातील ग्रंथ आणि दारातील वाचक यांच्यामध्ये अखेर तोच उभा असतो.