अकरा महिन्यांची भिंत

भाड्याचं घर बघायला गेलात की एक गोष्ट ठरलेली असते. भिंती पांढऱ्या. अगदी दुधासारख्या नसतील, पण पांढऱ्याच्या आसपासच्या. एजंट त्याला ‘फ्रेश पेंट’ म्हणतो आणि ॲपवरच्या फोटोत घर दोन फूट मोठं दिसतं. हा पांढरा इतका सवयीचा झालाय की तो कधीतरी, कुणीतरी ठरवला असेल असं वाटतच नाही. निदान मुंबई आणि आसपास तरी त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आमच्या हॉलसाठी शेडकार्ड चाळता चाळता मी त्या इतिहासात शिरले, कारण आमच्याकडे रंगाचा प्रश्न हौसेचा नव्हता.

हॉल दहा बाय चौदाचा. ठाण्यातली जुनी इमारत, पहिला मजला, एकच खिडकी. खिडकीसमोर नऊ फुटांवर शेजारच्या सोसायटीची भिंत. भर दुपारी बारा वाजता ट्यूब लावावी लागते. खिडकीशी आईचं मशीन आहे. ती साड्यांना फॉल-बिडिंग करून देते आणि घराचा किराणा त्यावर चालतो. या कामात अर्धं कसब शिलाईत असतं, अर्धं दोरा जुळवण्यात. डाळिंबी आणि आमसुली, मोरपंखी आणि रामा यांतला फरक ट्यूबखाली हमखास चकवतो. दोरा चुकला की गिऱ्हाईक साडी परत आणतं आणि सगळं उसवून पुन्हा करावं लागतं.

घरमालकांची अट होती: रंग तुमच्या खर्चानं, पण पांढराच; नाहीतर डिपॉझिटमधून कापू. आईची मागणी होती पिस्ता. तिचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं आणि त्या खोलीचा रंग पिस्ता होता. भाड्याच्याच खोलीचा. मग तेव्हा कुणी अडवलं कसं नाही?

चुना आला हुकमानं

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतल्या प्लेगचं पहिलं निदान केलं. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कळलेलं नव्हतं. उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवणारे पॉल-लुई सिमाँ यांचे कराचीतले प्रयोग १८९८ चे. तोवर संशय होता तो घाणीवर, ओलीवर, कोंदट हवेवर आणि अंधारावर.

मग सरकारी पथकं अंधारावर चालून गेली. घरात शिरून कार्बोलिक ॲसिडचे फवारे मारले, भिंतींना चुना फासला. ऊन आत यावं म्हणून कौलं काढली, भिंतींना भोकं पाडली. जी खोली राहण्याच्या लायकीची नाही असं ठरे, तिच्यावर ‘यूएचएच’ ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात. माणसांच्या वस्तीला अयोग्य, असा त्यांचा अर्थ. आत राहणाऱ्याला कुणी विचारलं नाही. पुण्यात असल्याच घरझडत्यांचा संताप २२ जून १८९७ च्या रात्री रँडपर्यंत पोचला, हे आपण शाळेत शिकलोय.

चुना आपल्याला नवा नव्हता. दिवाळीआधी घराला हात मारायचा, पिवळट झाक जावी म्हणून त्यात चिमूटभर नीळ घालायची, हे चालत आलेलंच होतं. चुन्यात गुणही आहेत. ताजा चुना इतका क्षारीय असतो की त्यात जंतू टिकत नाहीत. वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि भिंतीवर दगडाचा पातळ थर बनून बसतो. पडलेला बराचसा उजेड तो परत खोलीत फेकतो. फरक एवढाच की दिवाळीचा चुना घरच्यांनी लावलेला असे. हा चुना सरकारी हुकमानं लागला होता.

साडेत्रेसष्ट अंश

प्लेगनंतर, १८९८ मध्ये, बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुनी दाट वस्ती पाडायची, रुंद रस्ते काढायचे, नव्या चाळी बांधायच्या, असं त्याचं काम. पुढे जे. पी. ऑर नावाचे सनदी अधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. खोलीत उजेड यावा याचा या माणसानं ध्यास घेतला होता. त्यांनी लावून धरलेला नियम ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’ म्हणून ओळखला जातो.

भूमितीत घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या इमारतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढा. तिचा जमिनीशी होणारा कोन ६३.५ अंशांपेक्षा जास्त नको. सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी.

मी आमचा हिशेब केला. समोरची चार मजली इमारत साधारण ४२ फूट धरली तर मध्ये २१ फूट हवेत. आहेत ९. म्हणजे आमच्या हॉलचा अंधार रंगवाल्याच्या हातात नव्हताच. तो इमारतींमधल्या अंतरात आधीच ठरून गेला होता.

कायद्यात उजेडावर हक्कही सांगता येतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखाद्या इमारतीला २० वर्षं अखंड, बिनतक्रार उजेड मिळत असेल, तर तो अडवणाऱ्याला जाब विचारता येतो. हक्क इमारतीशी जोडलेला, वर्षं वीस. आमचा करार अकरा महिन्यांचा.

पिस्ता कुठून आला?

जिथं भिंत आपली नसते, तिथं आपला असतो फक्त खिळा. जुन्या भाडेकरूंची सजावट खिळ्यावर टांगलेली असे. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला. मुंबईत १८९४ मध्ये रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. हौशी लोक त्या देवींच्या साडीवर जर आणि टिकल्या चिकटवत. दिव्याचा उजेड त्या जरीवर पडला की अंधाऱ्या खोलीत तेवढीच जागा चमके. आणि खोली सोडताना चित्र बगलेत मारून निघता येई.

पुढे कायदा बदलला. मुंबईत भाडं आवरणारा पहिला कायदा १९१८ मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत आला. पण खरा फरक पाडला १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं. भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येईना. याचे परिणाम दोन्ही बाजूंनी झाले. तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. जिने कुजले, सज्जे कोसळले आणि शेवटी १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला.

दुसरा परिणाम पुस्तकांत फारसा येत नाही, पण आईच्या आठवणीत आहे. खोली भाड्याचीच, पण आपल्याला इथून कुणी उठवत नाही याची खात्री झाली आणि माणसं भिंती रंगवू लागली. बाजारात रंगही होते. एशियन पेंट्स १९४२ मध्ये मुंबईतच सुरू झाली होती आणि १९५४ पासून आर. के. लक्ष्मण यांचा गट्टू हातात ब्रश घेऊन जाहिरातींत हिंडत होता.

आईच्या खोलीत कमरेएवढ्या उंचीपर्यंत पिस्ता ऑइलपेंट, मध्ये तपकिरी पट्टा, वर पांढरा डिस्टेंपर. शेजारी गुलाबी, पलीकडे आकाशी. ऑइलपेंट महाग, पण स्टोव्हची काजळी त्यावरून ओल्या फडक्यानं निघते आणि एकदा लावला की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. या हिशेबात एक गृहीत आहे: इतक्या वर्षांनी आपण इथंच असू. माझ्या मते चाळींतला तो पिस्ता आणि गुलाबी आवडीइतकाच त्या खात्रीचाही रंग होता.

पांढरा परतला

खात्रीची किंमत पुढच्या पिढीनं मोजली. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लोक ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहत होते, त्यांनाही कायद्यानं भाडेकरूचं संरक्षण दिलं. मालकांनी त्यातून धडा घेतला: एकदा आत घेतलेला माणूस बाहेर निघत नाही. घर कुलूप लावून ठेवणं त्यांना बरं वाटू लागलं. मार्च २००० च्या अखेरीस लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं (तो मंजूर झाला होता १९९९ मध्ये) लायसन्सची मुदत संपली की घर परत मिळण्याचा रस्ता मालकाला मोकळा करून दिला. आज आपल्याला भाड्यानं घर मिळतं ते याच रस्त्यानं. जुन्या कायद्यावर नुसतं उसासे टाकून भागत नाही, ते यासाठी.

आणि अकरा महिने? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचे भाडेपट्टे नोंदवणं सक्तीचं आहे. ते टाळायला अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. कारण संपलं, तरी आकडा टिकला.

अकरा महिन्यांच्या भिंतीला पांढराच सोयीचा. पुढच्या माणसाला दाखवायला बरा, मागच्या माणसाची खूण पुसायलाही बरा. प्लेगच्या पथकाच्या जागी आता करारातलं एक कलम आहे, एवढंच.

आम्ही काय ठरवलं

मला वाटत होतं, आईची बाजू घेऊन मालकांशी भांडावं. पण शेडकार्डनं गाडी दुसरीकडे वळवली. हल्ली शेडबरोबर एक आकडाही मिळतो, तो रंग किती टक्के उजेड परत फेकतो याचा. पांढरा ऐंशीच्या वर, हलका पिस्ता साठ-सत्तरच्या घरात, गडद ग्रे पंधराच्याही खाली. शिवाय रंगीत भिंत नुसता उजेड फेकत नाही, त्यात आपला रंग मिसळून फेकते. पिस्ता भिंतीजवळ धरलेली अबोली साडी मळकी दिसते. आईला हे मी सांगण्याआधीच माहीत होतं. “खोलीला पिस्ता हवाय, कामाला नको,” ती म्हणाली.

मंद उजेडात डोळाही बदलतो. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं नोंदवलं की उजेड कमी होत गेला की लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा-हिरवा तुलनेनं उजळ दिसत राहतो. डाळिंबी आणि आमसुली का चकवतात, त्याचं हे एक उत्तर. दोष आईच्या डोळ्यांचा नव्हता.

म्हणून छत स्वच्छ पांढरं. भिंतींना मोतिया म्हणता येईल इतपत ऊबदार पांढरा, कारण कमी उजेडाच्या खोलीत निव्वळ पांढरा राखाडी पडतो. फिनिश मॅट, कारण चकाकीत जुन्या पोपड्यांच्या कडा उठून दिसतात. पडद्याचा रॉड खिडकीपेक्षा दीड फूट रुंद घेतला, म्हणजे सरकवलेला पडदा काचेवर न येता भिंतीवर जाऊन बसतो. आरसा खिडकीलगतच्या आडव्या भिंतीवर. मशीनवर रंग खरे दाखवणारा, नव्वदच्या वर सीआरआय असलेला दिवा.

राहिली बाहेरची भिंत. आमच्या खिडकीत जो काही दिवस येतो, तो त्या नऊ फुटांवरच्या भिंतीवर आपटून येतो. ती सोसायटी पावसाळ्यानंतर इमारत रंगवणार आहे आणि तिथं लावलेला नमुना गडद ग्रे आहे. आतल्या भिंतींवर आम्ही कुठलाही पांढरा फासला, तरी समोर तो ग्रे आला की सगळं पाण्यात. मी त्यांच्या सेक्रेटरींना अर्ज दिला: निदान मागची बाजू फिकट ठेवा. आमच्या बाजूच्या सहा घरांच्या सह्या घेतल्या. त्यातली चार घरं भाड्याची. सही करताना एका काकांनी विचारलं, “तुम्ही तर अकरा महिन्यांच्या. तुम्हाला कशाला पडलंय?” मी म्हटलं, आमच्यानंतर येतील त्यांनाही दोरे ओवायचे असतील. विषय कमिटीपुढे ठेवतो, असं उत्तर आलंय.

पिस्ता आणला तो निराळा. चार बाय सहाचं प्लायवूड घेतलं, त्यावर प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात मारले आणि मशीनपासून लांब, सोफ्यामागे भिंतीला टेकवून ठेवलं. भिंतीला खिळासुद्धा नाही. त्यावर कालनिर्णय लटकवलंय. आईनं फक्त एक दुरुस्ती सुचवली: कडांनाही रंग लाव, टेम्पोत चढवताना त्याच आधी दिसतात.