गोदीखालचे खैराचे रान

फराळानंतरच्या विड्यात जो कात आपण लावतो, तो खैराच्या लाकडाचा. आम्हां नंदुरबारकरांना सातपुड्याच्या उतारावरचे हे काटेरी झाड परिचयाचे. ते कोरड्या रानातले. खाऱ्या पाण्यात जगायचे नाही. आणि हेच झाड मुंबईत समुद्राच्या तळाशी सापडले!

मुंबईची प्रिन्सेस गोदी १८८० साली खुली झाली. तिच्या खोदकामात, भरतीच्या रेषेच्या पुष्कळ खाली, चिखलाखालून खैराची शेकडो खोडे निघाली. कित्येक तर उभीच होती, मुळे जमिनीत घट्ट रोवलेली. वाहून आलेले लाकूड का असे उभे राहते? अर्थात रान तिथलेच. समुद्र मागाहून आला. पुढे अलेक्झांड्रा गोदी (आजची इंदिरा गोदी) खणतानाही अशीच झाडे लागली.

परशुरामाने समुद्र मागे हटवला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. या खोडांची साक्ष उलटी आहे. तेव्हाच्या भूशास्त्रज्ञांनी जमीन खचली असे अनुमान केले, आणि ते टाकाऊ नव्हे. कोकणात शिंपल्यांचा व वाळूचा 'करल' नावाचा दगड काही ठिकाणी भरतीच्या वर दिसतो; किनारा सर्वत्र सारखा वागलेला नाही, हे त्यावरून कळते. परंतु समुद्रही चढला, यात शंका नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे एवढे पाणी बर्फात अडकले होते की सागराची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. आमची तापी तेव्हा आजच्या मुखाच्या बरीच पुढे जाऊन समुद्राला मिळत असली पाहिजे. मग बर्फ वितळले. सुमारे सात हजार वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक चढ पुरा झाला.

त्या काळची माणसे चंबूगबाळे उचलून वर सरकली असतील. आज त्याच मुंबईत, सात बेटांमधल्या खाड्या बुजवून केलेल्या जमिनीवर, लक्षावधी संसार उभे आहेत. आणि १९०० पासून जगातला समुद्र सुमारे २० सेंटिमीटर चढला आहे. हल्ली तर दरसाल तीनचार मिलिमीटर.

पाणी अंगणात येणे म्हणजे काय, हे आमच्या भागाला ठाऊक आहे. तापीवरचे उकाई धरण १९७२ साली पुरे झाले, त्यात आमच्याकडचीही गावे बुडाली. पूर्वी तापी पुरात जो गाळ सुरतेपलीकडे किनाऱ्यावर नेऊन टाकी, त्यातला पुष्कळसा आता या धरणातच बसतो. तिकडच्या किनाऱ्याला मागून मिळणारी भर तुटली, आणि समोरून समुद्र चढतो आहे.