दिल्लींतील दिल्ली दरवाजा

पुण्याच्या शनिवारवाड्याचा उत्तरेकडील मोठा दरवाजा 'दिल्ली दरवाजा' या नांवानें ओळखला जातो, हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. छत्रपति संभाजीनगरास असाच एक दिल्ली दरवाजा आहे, अहिल्यानगरासहि आहे. ज्या दरवाज्यांतून दिल्लीची वाट निघते तो दिल्ली दरवाजा. यांत नवल कांहीं नाहीं. परंतु खुद्द दिल्लींतच दिल्ली दरवाजा आहे, आणि तोहि एक नसून दोन आहेत, असें सांगितलें म्हणजे मुलांच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटतो तो मीं वर्गांत अनेक वर्षें पाहिला आहे. दिल्लींतून दिल्लीकडे नेणारा हा दरवाजा कसला? या प्रश्नाचें उत्तर ज्यास नीट उमगलें त्यास त्या अवाढव्य शहरांत वाट चुकण्याचें भय फारसें उरत नाहीं. आणि आपल्या पूर्वजांचा त्या शहराशीं जो संबंध आला, तोहि त्याच्या पायांखालीं येतो.

शाळेच्या सहलींबरोबर मी तीनदां दिल्लीस गेलों. दिल्लीदर्शनाची मोटार सकाळीं निघते आणि सायंकाळपर्यंत आठ-दहा स्थळें दाखवून परत आणून सोडते. मुलें खाऊ खातात, छायाचित्रें काढतात, झोपतात. परत आल्यावर मीं विचारावें, "लाल किल्ला कुतुबमिनाराच्या कोणत्या दिशेस?" तर चाळीस मुलांत एकहि हात वर होत नसे. मुलांना दोष नाहीं. मोटारींत बसवून दारोदार हिंडविलेल्या माणसास शहर कळत नाहीं, फक्त इमारती कळतात. आणि ज्यास दिशा कळली नाहीं त्यास इतिहासहि कळला नाहीं, असें माझें मत आहे. कारण फौजा, व्यापारी आणि बादशहा हे सगळे कोठून तरी येत आणि कोठें तरी जात असत.

प्रथम दरवाज्यांचें कोडें सोडवूं. दिल्ली हें एक शहर नव्हे. कुतुबमिनाराच्या भोंवतालची जुनी दिल्ली, अल्लाउद्दीन खिलजीची सिरी, तुघलकाबाद, महंमद तुघलकाचें जहांपन्हा, फिरोजशहाचें फिरोजाबाद, हुमायून व शेरशहा यांचा पुराणा किल्ला, अशीं एकामागून एक शहरें वसलीं आणि ओस पडलीं. महंमद तुघलकानें तर 1327 च्या सुमारास राजधानीच उचलून आपल्या देवगिरीस आणली आणि तिचें नांव दौलताबाद ठेविलें. तो बेत टिकला नाहीं. पण दिल्लीहून देवगिरीची वाट त्या पिढीच्या लोकांनीं हाडें झिजवून पाठ केली होती, हें खरें. दिल्लीच्या या सर्व वसाहतींत शहाजहानचें शहाजहानाबाद सर्वांत उत्तरेकडचें. 1639 मध्यें त्यानें यमुनेच्या कांठीं लाल किल्ल्याचा पाया घातला व 1648 मध्यें तो तेथें रहावयास आला. तेव्हांच्या लोकांच्या दृष्टीनें 'दिल्ली' म्हणजे दक्षिणेकडे पसरलेलीं तीं जुनीं शहरें. नवें तें शहाजहानाबाद. म्हणून नव्या शहराच्या तटाला दक्षिणेस जो दरवाजा ठेविला तो दिल्ली दरवाजा, आणि किल्ल्याचा दक्षिणेकडील दरवाजाहि दिल्ली दरवाजाच. आज आपण ज्यास जुनी दिल्ली म्हणतों तीच त्या काळची नवी दिल्ली होती!

हा एक नियम हातीं आला कीं बाकीचे दरवाजे आपोआप बोलूं लागतात. उत्तरेस काश्मिरी दरवाजा, पश्चिमेस लाहोरी दरवाजा, नैर्ऋत्येस अजमेरी दरवाजा. बाहेरच्या मुलुखाचा नकाशाच तटावर टांगला होता म्हणा ना! नियमास अपवाद म्हणजे दक्षिणेकडचा तुर्कमान दरवाजा. त्याचें नांव कोणत्या गांवावरून नसून शाह तुर्कमान या अवलियावरून पडलें आहे. त्याची कबर शहाजहानाच्या आधीं चारशें वर्षें तेथें होती.

तट आतां बहुतेक नाहींसा झाला आहे. शहराचा लाहोरी दरवाजा पाडला गेला, काबुली दरवाजा गेला, मोरी दरवाजा गेला. काश्मिरी, अजमेरी, तुर्कमान आणि दिल्ली हे दरवाजे मात्र उभे आहेत. पण दगड गेले तरी नांवें गेलीं नाहींत. नवी दिल्ली स्टेशनावर उतरलेल्या प्रवाशास हमाल आजहि विचारतो, "पहाडगंजकडे कीं अजमेरी गेटकडे?" जुन्या शहरांत जावयाचें असल्यास अजमेरी गेटची बाजू धरावी. भुयारांतून धांवणाऱ्या मेट्रोचीं स्थानकें पाहा: काश्मिरी गेट, लाल किल्ला, जामा मशीद, दिल्ली गेट, अशीं तीं एकाच मार्गावर ओळीनें येतात, म्हणजे मेट्रोनें उत्तरेकडून दक्षिणेकडे जातांना शहाजहानाबादेचें एक टोंक गांठून दुसऱ्या टोंकास बाहेर पडतां येतें.

आतां प्रत्यक्ष चालूं लागूं. आरंभ लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यापासून करावा. (सोमवारीं किल्ला बंद असतो, हें आधीं ध्यानांत ठेवावें.) दरवाज्याकडे पाठ करून उभे राहिलां कीं तुमचें तोंड पश्चिमेस. समोर सरळ गेलेला रस्ता तो चांदणी चौक. शहाजहानची कन्या जहांआरा हिनें 1650 च्या सुमारास हा बाजार वसविला. मधून पाण्याचा पाट वाहत असे. तो पाट आतां नाहीं. मात्र 2021 पासून दिवसा या रस्त्यावर मोटारींस बंदी आहे, त्यामुळें मान वर करून चालण्याची सोय झाली आहे. रस्त्याच्या पश्चिम टोंकास फत्तेपुरी मशीद दिसते. डाव्या हातास, म्हणजे दक्षिणेस, जामा मशीद व तिच्यापुढें दिल्ली दरवाजा. उजव्या हातास, उत्तरेस, काश्मिरी दरवाजा. पाठीमागें किल्ल्याच्या पलीकडे यमुना. पूर्वीं ती तटाला लागून वाहत असे, आतां दूर सरली आहे.

गल्लींत शिरल्यावर ही दिशा हरवते. त्यास एक साधा उपाय आहे. दिल्लींतील मशिदींत नमाज पश्चिमेकडे तोंड करून पढतात. तेव्हां कोणत्याहि मशिदीची आंतील कमानीची भिंत ती पश्चिम, आणि तिच्यासमोरील अंगण पूर्वेकडे. जामा मशिदीचा मुख्य दरवाजा म्हणूनच पूर्वेस, किल्ल्याकडे, तोंड करून आहे. ढगाळ दिवशीं, सूर्य दिसत नसतांहि, या खुणेनें वाट सांपडते. एवढ्यावर भागलें नाहीं तर विचारावें. दिल्लीचा दुकानदार वाट सांगण्यांत कंजूष नाहीं, मात्र तो सांगतो तें अंतर मनांत दुप्पट करून घ्यावें.

या रस्त्यांवर मराठी माणसाचें पाऊल केव्हां पडलें? 1719 मध्यें पेशवे बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अली याजबरोबर फौज घेऊन येथें आले. फर्रुखसियर बादशहास पदच्युत करण्याच्या त्या धामधुमींत शहरांत दंगा उसळला आणि दीड हजारांवर मराठे या परक्या रस्त्यांत मारले गेले. चौथाईच्या सनदा व महाराणी येसूबाईंची सुटका यांचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांत येतो. त्या दीड हजारांचा येत नाहीं. येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. शिवाजी महाराज दरबारांत उभे राहिले ती जागा पुष्कळ मराठी यात्रेकरू लाल किल्ल्यांत शोधतात. तो प्रसंग 12 मे 1666 रोजीं आग्र्याच्या किल्ल्यांत घडला. दिल्लींत ती जागा शोधूं नये.

किल्ल्यांत जी जागा मराठी माणसानें थांबून पाहावी ती म्हणजे दिवाण-इ-खास. मयूरासन येथें होतें. तें नादिरशहानें 1739 मध्यें नेलें. छत मात्र चांदीच्या पत्र्यानें मढविलेलें होतें. 1760 च्या ऑगस्टांत सदाशिवरावभाऊंनीं दिल्ली घेतली, तेव्हां फौजेस पगार नव्हता, घोड्यांस दाणा नव्हता, आणि देशाहून पैका येण्याची आशा नव्हती. भाऊंनीं छताची चांदी काढून तिचे रुपये पाडले. आज तेथें रंगविलेलें लांकडी छत दिसतें. आम्हीं नेलेल्या मुलांस तेथला वाटाड्या हंसत हंसत सांगूं लागला, "ही चांदी तुम्हां लोकांनीं नेली." एका मुलानें मान खालीं घातली आणि दुसऱ्यानें मुठी वळल्या. दोघांसहि मीं तेथेंच बसवून हिशेब सांगितला: नादिरशहा लुटून परत गेला, भाऊंची फौज ती चांदी खर्चून पानिपतावर गेली व 14 जानेवारी 1761 रोजीं तेथेंच पडली. चांदी काढली हें खरें, तें लपवूं नये. ती उपाशी फौजेसाठीं काढली हेंहि खरें, तें विसरूं नये. परक्यानें हिणविल्यावर सांगावयास आपल्यापाशीं अभिमानाचें पद असून चालत नाहीं, सन आणि कारण असावें लागतें.

आणि त्याच महालाचा दुसरा प्रसंग वाटाडे सहसा सांगत नाहींत. 1772 च्या जानेवारींत शाह आलम बादशहा मराठ्यांच्या फौजेच्या बळावर आपल्या राजधानींत परतला. 1784 मध्यें महादजी शिंद्यांनीं पेशव्यांच्या नांवें 'वकील-इ-मुतलक' हें पद मिळविलें. 1788 च्या ऑगस्टांत गुलाम कादर रोहिल्यानें किल्ल्यांत शिरून त्या म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. दोन महिन्यांच्या आंत महादजींच्या सरदारांनीं किल्ला सोडविला आणि आंधळ्या बादशहास पुन्हां तख्तावर बसविलें. पुढें सुमारें पंधरा वर्षें येथें शिंद्यांचा अंमल होता. तो संपला तो नदीपलीकडे. किल्ल्याच्या पूर्वेस, यमुना ओलांडून, पटपडगंज नांवाची वस्ती आहे. आज तेथें उंच उंच घरांची दाटी आहे. त्या बाजूस 11 सप्टेंबर 1803 रोजीं जनरल लेकनें शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. लढाईच्या स्मरणार्थ इंग्रजांनीं उभारलेला स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानांत आहे. दिल्लीदर्शनाची मोटार तिकडे जात नाहीं.

किल्ल्यांतून निघून दर्यागंजाच्या रस्त्यानें दक्षिणेस चालत गेलें म्हणजे आपला दिल्ली दरवाजा लागतो. चारी बाजूंनीं वाहनांचा पूर, मध्यें बिचारा दरवाजा. 1804 च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांच्या फौजेनें याच शहराच्या तटाला वेढा घातला होता. ऑक्टरलोनी व बर्न यांनीं थोडक्या शिपायांनिशीं तट राखला व वेढा उठला. दरवाज्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर फिरोजशहा कोटला, त्याच्यापुढें पुराणा किल्ला: ज्या दिल्लीकडे हा दरवाजा पाहतो ती दिल्ली येथून सुरू होते.

पुराण्या किल्ल्याच्या पश्चिमेस इंग्रजांची नवी दिल्ली. 1911 च्या डिसेंबरांत राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली आणि 1931 मध्यें लुटियन्स व बेकर यांनीं आंखलेलें शहर उघडलें गेलें. रस्ते रुंद, सांवली दाट, यांत शंका नाहीं. पण वाट शोधणाऱ्यास हें शहर जुन्या शहरापेक्षां अवघड जातें, असा माझा अनुभव आहे. गोल चौक सगळे सारखे, आणि रस्त्यांस माणसांचीं नांवें. अकबर मार्ग अकबराच्या गांवास जात नाहीं! शिवाय हीं नांवें बदलतात: राजपथ 2022 पासून कर्तव्यपथ झाला. लुटियन्सनेंहि एक सरळ रेघ मात्र जुन्या शहराकडे ओढलीच. संसद मार्ग कॅनॉट प्लेसकडे जातो, आणि ती रेषा तशीच पुढें वाढविली तर जामा मशिदीवर जाऊन टेंकते.

राष्ट्रपतिभवनाच्या उत्तरेस तालकटोरा नांवाची बाग व क्रीडागार आहे. 2025 च्या फेब्रुवारींत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथें भरलें, तेव्हां हें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोहोंचलें. 1737 च्या वसंतांत थोरला बाजीराव बादशाही फौजांना चुकवून एकाएकीं दिल्लीपाशीं येऊन थडकला, तो प्रथम कालकादेवीच्या देवळाजवळ उतरला. तें देऊळ आजच्या शहराच्या दक्षिण भागांत आहे. तेथून त्यानें तळ तालकटोऱ्याकडे हलविला, आणि शहरांतून चालून आलेल्या बादशाही फौजेचा त्याच्या सरदारांनीं तेथें धुव्वा उडविला. शहर समोर उघडें पडलें होतें. बाजीरावानें तें जाळलें नाहीं. आपल्या भावास, चिमाजीअप्पास, लिहिलेल्या पत्रांत त्यानें कारणहि कळविलें आहे: दहशत बसविणें एवढाच हेतु होता, शहराची खराबी केल्यास पुढील राजकारणच तुटेल. कमरुद्दीनखान वजीर फौजेनिशीं परत येत असल्याची बातमी लागतांच त्यानें तळ उठविला आणि तो रेवाडी, कोटपुतळी या वाटेनें, म्हणजे तटावर उभे राहून पाहिलें तर अजमेरी दरवाज्याच्या दिशेनें, निघून गेला.