ड्युअल चॅनल मेमरी

ड्युअल चॅनल मेमरी ही संगणकाची मुख्य स्मृती (रॅम) आणि प्रोसेसर यांच्यातील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एकाऐवजी दोन वाहिन्या वापरण्याची रचना आहे. या रचनेमुळे स्मृतीची सैद्धांतिक बँडविड्थ, म्हणजे दर सेकंदाला वाहून नेता येणारी कमाल माहिती, दुप्पट होते. संगणकाचा एकूण वेग मात्र दुप्पट होत नाही. प्रत्यक्षात जाणवणारा फरक हा चालू असलेली आज्ञावली रॅममधील माहितीसाठी किती वेळ थांबते यावर अवलंबून असतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकांत तो सर्वाधिक दिसतो. अनेक वाहिन्यांचे हेच तत्त्व पुण्यातील प्रत्यूष आणि परम ब्रह्म या महासंगणकांतही वापरलेले आहे.

कार्यपद्धती

डीडीआर ते डीडीआर४ या पिढ्यांमध्ये रॅमची प्रत्येक वाहिनी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद असते. डीडीआर४-३२०० प्रकारची रॅम दर सेकंदाला ३२० कोटी वेळा माहिती पाठवू शकते. त्यामुळे एका वाहिनीची कमाल बँडविड्थ सेकंदाला २५.६ गिगाबाइट आणि दोन वाहिन्यांची ५१.२ गिगाबाइट होते. मेमरी कंट्रोलर हा घटक लागोपाठचे पत्ते दोन्ही वाहिन्यांवर आलटूनपालटून वाटतो. त्यामुळे सलग माहिती वाचताना दोन्ही मॉड्यूल एकाच वेळी कामाला लागतात.

दुसरी वाहिनी जोडल्याने लेटन्सी, म्हणजे मागणी केल्यापासून माहितीचा पहिला भाग हाती येईपर्यंतचा काळ, फारशी कमी होत नाही. शिवाय वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरमधील कॅशे या लहान पण अतिवेगवान स्मृतीत ठेवलेली असते. कॅशेमध्येच भागणाऱ्या कामांसाठी रॅमपर्यंत जावे लागत नाही. अशा कामांना दुसऱ्या वाहिनीचा लाभ नगण्य असतो.

डीडीआर५ पिढीत प्रत्येक मॉड्यूलची ६४ बिटांची वाहिनी ३२ बिटांच्या दोन उपवाहिन्यांत विभागलेली असते. म्हणून एकच मॉड्यूल बसवले तरी काही आज्ञावली दोन वाहिन्या दाखवतात. एकूण रुंदी ६४ बिटच राहत असल्याने याला नेहमीच्या अर्थाने ड्युअल चॅनल म्हणता येत नाही.

इतिहास

वैयक्तिक संगणकांत दोन वाहिन्यांचा वापर सुरुवातीला रॅमबस प्रकारच्या स्मृतीसाठी झाला. इंटेलचा २००० मधील ८५० चिपसेट हे त्याचे उदाहरण होय. डीडीआर स्मृतीसाठी ही रचना एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटने २००१ मध्ये आणली. इंटेलच्या ८७५ आणि ८६५ या चिपसेटांमुळे २००३ पासून तिचा प्रसार झाला. एएमडीने २००४ मध्ये सॉकेट ९३९ च्या प्रोसेसरांत दोन वाहिन्यांचा मेमरी कंट्रोलर थेट प्रोसेसरमध्येच समाविष्ट केला. आज सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसरांत दोन वाहिन्यांची सोय असते. सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरांत चार, सहा, आठ किंवा त्याहून अधिक वाहिन्या असतात.

कामगिरीवरील परिणाम

एखाद्या आज्ञावलीचा १० टक्के वेळ बँडविड्थ अपुरी पडल्यामुळे जात असेल, तर बँडविड्थ दुप्पट झाल्यावर एकूण वेळ फार तर ५ टक्क्यांनी घटेल. हेच प्रमाण ६० टक्के असेल, तर बचत ३० टक्क्यांपर्यंत जाईल. एकाच संगणकावर निरनिराळ्या कामांत निरनिराळा परिणाम दिसतो, तो यामुळे.

* दैनंदिन कामे : मजकूरलेखन, संकेतस्थळे पाहणे, हिशेबाचे तक्ते, चित्रफीत पाहणे अशा कामांत फरक सहसा जाणवत नाही.
* एकात्मिक ग्राफिक्स : ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरमध्येच असेल, तर त्याला स्वतःची स्मृती नसते आणि तो मुख्य रॅमचीच बँडविड्थ वापरतो. त्यामुळे अशा संगणकांवर खेळ आणि त्रिमितीय चित्रणात ठळक सुधारणा होते.
* स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड : कार्डावर स्वतःची वेगवान स्मृती असते. ग्राफिक्सचा भार कार्डावर असताना फरक थोडा असतो. प्रोसेसरवर अधिक भार टाकणाऱ्या खेळांत तो वाढतो.
* मोठ्या माहितीवरील कामे : फाइलींचे संकोचन, वैज्ञानिक गणने आणि मोठ्या सारण्यांवरील क्रिया यांत लाभ मिळू शकतो.

शेवटच्या प्रकाराचे साधे उदाहरण असे : एका सारणीतील प्रत्येक संख्येला ठरावीक संख्येने गुणून दुसऱ्या सारणीतील संख्येत मिळवायचे आणि उत्तर तिसऱ्या सारणीत लिहायचे. संख्या ८ बाइटची असल्यास प्रत्येक घटकामागे २४ बाइटची ने-आण होते आणि गणिती क्रिया केवळ दोन होतात. सारण्या कॅशेमध्ये मावत नसतील, तर २५.६ गिगाबाइटच्या एका वाहिनीवर सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २.१ अब्ज क्रिया होऊ शकतात आणि दोन वाहिन्यांवर सुमारे ४.३ अब्ज. आधुनिक प्रोसेसरची गणनक्षमता याहून कितीतरी अधिक असल्याने येथे वेग रॅमच ठरवते. स्मृतीची बँडविड्थ मोजणारी स्ट्रीम ही चाचणी अशाच क्रियांवर आधारलेली आहे.

पुण्यातील महासंगणक

पुण्याच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहाच्या संस्थेचा एका हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या टॉप५०० यादीत ११७.९ टेराफ्लॉप्स वेगासह चौथा होता. ही क्रमवारी लिनपॅक चाचणीवर ठरते. तीत रॅममधून एकदा आणलेली माहिती कॅशेमध्ये पुनःपुन्हा वापरली जात असल्याने स्मृतीच्या बँडविड्थचा प्रभाव मर्यादित राहतो.

हवामानाच्या प्रारूपांचे स्वरूप वेगळे असते. वातावरणाच्या त्रिमितीय जाळीतील प्रत्येक बिंदूचे तापमान, दाब, आर्द्रता व वारा यांची मूल्ये वाचून थोडीच गणिते केली जातात आणि लगेच पुढचा बिंदू घेतला जातो. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये कार्यान्वित झालेल्या प्रत्यूष या ४ पेटाफ्लॉप्स क्षमतेच्या महासंगणकात इंटेल झिऑन ई५-२६९५ व्ही४ प्रोसेसर वापरले आहेत. या प्रोसेसरमध्ये १८ गाभे आणि चार वाहिन्या असतात. डीडीआर४-२४०० स्मृतीसह त्याची कमाल बँडविड्थ सेकंदाला ७६.८ गिगाबाइट, म्हणजे प्रत्येक गाभ्यामागे सुमारे ४.३ गिगाबाइट होते. डीडीआर४-३२०० स्मृतीच्या दोन वाहिन्या असलेल्या सहा गाभ्यांच्या डेस्कटॉपवर हाच वाटा सुमारे ८.५ गिगाबाइट असतो. गाभ्यांची संख्या वाढते तसे वाहिन्यांचे महत्त्व वाढते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत उभारलेल्या परम ब्रह्ममध्ये इंटेल झिऑन प्लॅटिनम ८२६८ हे प्रत्येकी सहा वाहिन्यांचे दोन प्रोसेसर एका नोडमध्ये आहेत. नोडमधील १९२ गिगाबाइट रॅम या बारा वाहिन्यांवर प्रत्येकी १६ गिगाबाइट अशी समान वाटली जाऊ शकते.

निवड व जुळणी

रॅमची एकूण क्षमता अपुरी असेल, तर संगणक माहिती रॅमऐवजी हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर ठेवू लागतो आणि मोठ्या प्रमाणात मंदावतो. ही हानी दुसऱ्या वाहिनीने भरून निघत नाही. म्हणून पुरेशी क्षमता ही पहिली गरज ठरते. एकूण क्षमता सारखीच असताना, उदाहरणार्थ १६ गिगाबाइटचे एक मॉड्यूल आणि ८ गिगाबाइटची दोन मॉड्यूल यांत निवड करताना, वेगाच्या दृष्टीने दोन मॉड्यूल सरस ठरतात. ज्या मदरबोर्डवर रॅमसाठी दोनच खाचा असतात, तेथे एक मॉड्यूल घेतल्यास पुढील वाढीसाठी खाच मोकळी राहते.

दोन मॉड्यूल वेगवेगळ्या वाहिन्यांच्या खाचांत बसवणे आवश्यक असते. चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसरी व चौथी अशा असतात. नेमका क्रम मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. दोन्ही मॉड्यूल एकाच वाहिनीवर बसवल्यास संगणक चालतो, पण सिंगल चॅनल पद्धतीने. मॉड्यूलचा वेग भिन्न असल्यास दोन्ही सामान्यतः कमी वेगाने चालतात. क्षमता भिन्न असल्यास इंटेलच्या फ्लेक्स मोडसारख्या सोयीत समान भागापुरतीच दुहेरी वाहिनी मिळते : ४ व ८ गिगाबाइटच्या जोडीत एकूण ८ गिगाबाइट भाग ड्युअल चॅनल आणि उरलेला ४ गिगाबाइट भाग सिंगल चॅनल पद्धतीने चालतो. चालू असलेली पद्धत बायोसमध्ये किंवा सीपीयू-झेड यासारख्या आज्ञावलीत पाहता येते.